खदानीच्या तोंडाशी

त्या दिवशी मी खदानीच्या तोंडाशी नव्हतो. हे एक वाक्य लिहायला मला आजवरचं सगळं वय लागलं. बायकोला सांगितलं नाही, दादाला नाही, माय गेली तिलाही नाही. आमच्या घरात सगळे असंच समजून आहेत की मी तिथेच बसलो होतो, हाका मारत होतो, आणि वहिनीनं ऐकलं नाही. खदान म्हटलं की आमच्या जिल्ह्यात माणसाच्या डोळ्यांपुढे कोळसा येतो. ही तशी नव्हती. गावाबाहेर नाल्याच्या दरडीत पांढऱ्या मातीचा एक थर होता, बाया तिथून माती काढून आणायच्या आणि ती कालवून घराच्या भिंती पोतारायच्या. दरवर्षी कोरून कोरून त्या दरडीत एक बीळ झालं होतं, त्यालाच सगळे खदान म्हणायचे. तिथे काय झालं ते सांगायचं तर आधी घर सांगावं लागेल, कारण सगळं घर सजवण्यापायीच झालं.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यातलं, जंगलाला खेटून असलेलं. घर मातीचं, वर कवेलू, पुढे पडवीसारखी लांब सपरी आणि मागे परसाची सांदवाडी. धान कापणीच्या दिवसांत त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. सपरीत विळे, दोर, मजुरांचे डबे. एका कोपऱ्यात शेळी बांधलेली, कारण रात्री बाहेर ठेवली तर बिबट्याची भीती. वळचणीला जवसाच्या पेंढ्या खोचलेल्या. पहाटे आधी वहिनीच्या बांगड्या वाजायच्या, मग चुलीत फुंकणीचा आवाज, मग दादाचा खोकला. खायला दोन्ही वेळा भात, लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि नाल्याला पाणी असेल तोवर बारीक मासळी. बाबा मी लहान असतानाच गेले होते. घर दादा चालवायचा, आणि दादाला जे चालवता यायचं नाही ते वहिनी चालवायची. तिला मी कधी बसलेलं पाहिलं नाही. ती भाजी निवडायची तीही उभ्यानं, चौकटीला टेकून, बाहेरच्या माणसाशी बोलत.

मी चंद्रपूरला कॉलेजात होतो. खोली करून राहायचो, सणासुदीला गावी यायचो, आणि आलो की मला घर लहान दिसायचं. हे तेव्हा मला शहाणपण वाटायचं.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची, संगीताची, सोयरीक जुळली. मुलगा घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात होता, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी, दिवाळीनंतर, ऐन कापणीत. सोयरीक जुळवणारे मामा येऊन गेले तेव्हा सहज बोलून गेले की त्यांच्या क्वार्टरच्या भिंती गुलाबी आहेत, हात लावला तर हाताला काही लागत नाही. मामा गेल्यावर मायनं सपरीच्या भिंतीवरून हात फिरवला आणि पांढरा झालेला तळवा पदराला पुसला. मुलाची आई फार बारीक नजरेची आहे, एक मुलगी घर पाहूनच नाकारून आली आहे, हेही मामांनीच सांगितलं होतं. संगीता त्या रात्री जेवली नाही. दादानं एकदाच काय ते सांगितलं, "जेवनाचं मी पाहतो. भिंतीचं तुमचं तुमी पाहा. माह्याजवळ आता काई नाई."

मग भिंतीचं आम्ही पाहिलं, म्हणजे वहिनीनं पाहिलं. आजही कुठे लग्नघर सजवलेलं पाहिलं की मला ते आठवडे आठवतात. आता माझ्या ओळखीचे लोक घर सजवायला माणूस बोलावतात, तो वही घेऊन येतो, रंगांचे तुकडे दाखवतो. वहिनीनं खताच्या रिकाम्या पोत्या उसवल्या, नाल्यावर आपटून आपटून धुतल्या, आणि त्या शिवून बैठकीच्या खोलीला आतून छत केलं, म्हणजे वरचे कवेलू आणि त्यातलं कोळ्याचं जाळं झाकलं गेलं. खताची छापलेली अक्षरं वरच्या बाजूला गेली, तरी एका पोतीवरचं फूल खालून दिसायचं. वहिनी म्हणाली, राहू द्या, नक्षी समजतील. संपलेले सेल फोडून त्यातल्या काळ्या भुकटीत शेण कालवून तिनं भिंतीच्या पायथ्याशी वीतभर काळा पट्टा ओढला, त्यावर गेरूची रेघ. नव्या धानाच्या लोंब्या गुंफून दाराला तोरण केलं. ते तोरण तर असं झालं होतं की चिमण्या दिवसभर त्याच्यावर यायच्या आणि मायला काठी घेऊन बसावं लागायचं. जुन्या लुगड्याच्या काठाची झालर करायची होती, पण काठ पुरला नाही. तेव्हा माझ्या कॉलेजातला मित्र इरफान म्हणाला की त्याच्या अब्बांच्या दुकानात कापडाचे तुकडे पडून असतात, मी आणून देतो. त्याच्या अब्बांचं गोंडपिपरीला शिवणकामाचं दुकान होतं.

राहिल्या भिंती. दिवाळीला त्या पोतारून झाल्या होत्या, पण परतीचा पाऊस अवेळी येऊन गेला आणि ओल उतरून त्यांच्यावर पिवळे ओघळ आले. घरात उरलेली माती थोडी होती आणि तीही पिवळट. मी म्हणालो, अशा भिंतीपुढे संगीताला बसवायचं का? आतल्या थराची माती दुधासारखी असते, तीच आणू, त्यात थोडी नीळ टाकू, मग पाहा. नीळ टाकायची कल्पना मी चंद्रपूरहून आणली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

वहिनी म्हणाली, "खदानीवर कुपाटी टाकली हाये, भाऊजी."

याचा अर्थ आमच्या गावात लहान पोरालाही कळायचा. माती काढायला बाया दिवाळीच्या आधी एकाच दिवशी, सगळ्या मिळून जायच्या. खदानीला हळद-कुंकू लावायच्या. एक आत शिरायची, एक तोंडाशी बसायची. तोंडाशी बसणारीनं वरच्या दरडीकडे पाहायचं आणि सारखं विचारत राहायचं, "हाये का व?" आतलीनं म्हणायचं, "हाये व." सुपातून दाणे पडावेत तशी माती वरून झिरपू लागली की बाहेरचीनं ओरडायचं, निघ. आणि बाहेरून हाक यायची थांबली, तर आतलीनं हातातलं टाकून बाहेर यायचं, मग कारण काहीही असो. काम संपलं की सगळ्यात म्हातारी बाई खदानीच्या तोंडावर बाभळीच्या काट्यांची कुपाटी टाकायची. त्यानंतर वर्षभर तिथे कोणी हात लावायचा नाही. अवकाळी पावसानं दरड फुगलेली असताना तर नाहीच.

वहिनीनं शेजारच्या दोघींना विचारून पाहिलं. दोघीही नाही म्हणाल्या, त्यातली एक तर रागावली. मायला आम्ही सांगितलंच नाही. मी वहिनीच्या मागे लागलो. संगीताचं नाव घेतलं. तिची सोयरीक मोडली तर या भिंतीपायी मोडेल, असंही बोललो. वहिनी माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, कॉलेजात भिंती रंगवायचंच शिकवतात वाटते. मग थोड्या वेळानं तिनं स्वतःच माती खणायची सब्बल आणि टोपलं काढलं. तोंडाशी कोण बसेल, एवढंच तिनं विचारलं. मी बसतो म्हणालो.

कुपाटी मी बाजूला केली. काटे माझ्या हाताला लागले. हे लिहून ठेवतो, कारण पुढे सगळ्यांनी कुपाटी वहिनीनं काढली असंच धरलं आणि त्या बोलण्यातही मी गप्प राहिलो.

वहिनीनं दरडीला हात जोडले, पदर कमरेला खोचला आणि ओणवी होऊन आत गेली. मी तोंडाशी बसलो. आत सब्बलचा थप थप आवाज, मध्येच तिचा श्वास. पलीकडे बांधावर कापणीचे मजूर होते, पण लांब. दरडीच्या वरून गोंडपिपरीची सडक जात होती. मला त्या सडकेचीच चिंता होती. पांढरी माती हे बायांचं काम. गावात कोणी पुरुष खदानीच्या तोंडाशी बसलेला मी पाहिला नव्हता. "हाये का व?" असं बायांसारखं म्हणणं माझ्या तोंडून निघेना. मी हळू आवाजात, सडकेकडे पाहत, नुसतंच "वहिनी, हाये का?" म्हणायचो.

आतून ती म्हणाली, "मोठ्यानं बोला भाऊजी. लाजता काऊन? सोयरीक काई तुमची नाई चालू."

तिनं टोपलं बाहेर सारलं. मी माती चिमटीत घेऊन पाहिली. अजून थोडी पिवळट होती. मी म्हणालो, ही नको, आणखी आतली आण. ती म्हणाली, आत ओल लागून राह्यली हाये. मी म्हणालो, ओलीच पांढरी असते, वाळली की दिसेल. ती आत सरकली. तिच्या टाचा दिसत होत्या, त्याही दिसेनाशा झाल्या.

तेवढ्यात सडकेवर मोटारसायकल थांबली आणि इरफाननं मला नावानं हाक मारली. त्याला मी दिसलो नव्हतो, आमचा बैल दिसला होता, नाल्याकाठी चरायला सोडलेला. मी उठलो. हात पॅन्टला पुसले. वहिनीला काही न सांगता दरड चढून वर गेलो, कारण सांगायला ओरडावं लागलं असतं आणि ओरडलो असतो तर इरफाननं खाली येऊन पाहिलं असतं. तो म्हणाला, "इथी काय करून राह्यला बे?" मी म्हणालो, शेतावर चाललो. त्यानं कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं दाखवलं. हिरवे, लाल, एक चमकी असलेला. ते मी हातात घेऊन पाहिले. घरी देऊन टाक म्हणालो. कॉलेजातल्या कोणाची तरी गोष्ट निघाली, आम्ही हसलो. मी घाई केली नाही. तो गेल्यावरही मोटारसायकल वळणाआड होईपर्यंत सडकेवरच उभा राहिलो, खाली उतरताना मागे वळून पाहील म्हणून.

खाली आलो तेव्हा खदानीचं तोंड नव्हतं. दरडीला एक ओला, पिवळा पोपडा पडलेला होता आणि त्याच्या पुढे टोपलं उलटं पडलं होतं. आवाज मला ऐकू आला नव्हता. एवढी माती खाली येते तेव्हा आवाज होत असेल ना? मी आजही हे स्वतःला विचारतो. तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्यानं हाक मारली. आतून काही नाही. मी हातांनी माती ओढू लागलो. मग बांधाकडे पळालो, ओरडलो, मजूर विळे टाकून धावत आले. त्यांनी बाजूनं कोरलं, वरून नाही, कारण वरून कोरलं असतं तर उरलेली दरडही बसली असती. आधी पदर दिसला. छातीपर्यंतचं अंग आतल्या पोकळीत राहिलं होतं म्हणून ती श्वास घेऊ शकत होती. कमरेखालचं सगळं मातीत. तिला ओढून काढली तेव्हा डावा पाय गुडघ्यापासून भलतीकडे वळला होता. तोंडावर, केसांवर, पापण्यांवर ती माती. दुधासारखी पांढरी.

दादा धावत आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणीस अंथरून तिला निजवलं. कोणीतरी विचारलं, तोंडाशी कोनी होतं का नाई? सगळे माझ्याकडे पाहू लागले. दादानंही पाहिलं.

मी म्हणालो, "होतो ना मी. हाका मारल्या. तिनं ऐकलंच नाई."

वहिनीचे डोळे उघडे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल. ट्रॉली हलली, तिनं ओठ दाताखाली धरला आणि वरच्या आभाळाकडे पाहत राहिली.

तिला आधी गोंडपिपरीला आणि तिथून चंद्रपूरला नेलं. दादा तिच्याजवळ राहिला. साक्षगंध पुढे ढकलायचं का, यावर घरात एक रात्र कुजबुज चालली. मामांचं म्हणणं, आता ढकललं तर अपशकुन म्हणतील आणि मुलाची आई निमित्तच शोधते आहे. माय म्हणाली, होऊ द्या. ज्या शेजारणी खदानीवर यायला नाही म्हणाल्या होत्या, त्याच दोघी दुसऱ्या सकाळी न बोलावता आल्या, पदर खोचून. वहिनीनं आधी काढलेली माती आणि कोसळलेल्या ढिगातली, मजुरांनी पोत्यात भरून आणून टाकलेली, अशी सगळी त्यांनी भिजवली. नीळ मी टाकली. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. भिंती अशा पांढऱ्या झाल्या की संध्याकाळी दिवा न लावताही खोलीत उजेड वाटायचा. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. मी त्या खोलीत झोपू शकलो नाही, सपरीत शेळीजवळ झोपलो.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं वर पाहिलं, छत पाहिलं, पोतीवरचं फूल पाहिलं. मग भिंतीवर बोट फिरवलं आणि बोट न पुसता म्हणाली, "सून कोनती व इथली? हात चांगला हाये तिचा." मायनं पदर डोळ्यांना लावला आणि सगळी हकिकत सांगितली. सांगता सांगता माझ्याकडे हात करून म्हणाली, हा बसला होता तोंडाशी, हाका मारून मारून घसा बसला पोराचा, पन तिचं ध्यान नाई. इरफान त्या वेळी दाराला झालर ठोकत होता. खिळा तोंडात तसाच ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. खिळा काढून म्हणाला, "पर तू तं..." मी म्हणालो, चल, मंडपवाल्याकडून सतरंजी आणायची राहिली. तो आला माझ्याबरोबर. सतरंजीचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. त्यानंतर तो माझ्याशी कधी भांडला नाही, पण हळूहळू भेटायचा थांबला.

साक्षगंध झालं. संगीता आज घुग्घुसला आहे, तिची मुलं मोठी झाली, सासू शेवटपर्यंत तिला जीव लावून होती. वहिनी घरी आली तेव्हा धान मळून झालं होतं. पाय सरळ जुळला नाही तो नाहीच. काठी घेऊन ती सपरीत आली, भिंतीसमोर उभी राहिली. लोंब्यांच्या तोरणात आता नुसत्या काड्या होत्या. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेलो. आसपास कोणी नव्हतं. तिनं पेला घेतला, भिंतीकडेच पाहत म्हणाली, "भाऊजी, मी आवाज देऊन राह्यली होती."

एवढंच. मी रिकामा पेला घेऊन आत गेलो.

त्या वाक्याचा अर्थ मी नंतर कितीदा लावून पाहिला. विचारायचं काम बाहेरच्याचं. बाहेरून हाक थांबली की आतलीनं निघायचं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग ती निघाली का नाही? मला वाटतं, मी लाजून गप्प बसलो असेन असं तिनं धरलं. तिनंच तर थट्टा केली होती. म्हणून उलटी तीच विचारत राहिली, हाये का भाऊजी, हाये का. आणि बाहेर मी आहे अशा भरवशावर आणखी थोडी आत सरकली, मला पांढरी हवी होती म्हणून.

एखादी खोटी गोष्ट एकदा बोलून संपत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "हाका मारल्या, तिनं ऐकलं नाही" हे आमच्या घरात वापरातलं वाक्य झालं. दूध उतू गेलं की दादा म्हणायचा, हिले सांगून उपेग नाई, दरड पडली तरी ऐकली नाई. आधी रागानं म्हणायचा, मग सवयीनं, मग थट्टेनं. नातेवाइकांत वहिनीची ओळखच ती झाली: कष्टाळू आहे, हात चांगला आहे, पण ऐकत नाही. जिनं त्या घरात सगळ्यांचं ऐकलं, माझंही ऐकलं, तिची ही ओळख. ती दर वेळी हसायची आणि काठी टेकत कामाला लागायची. मी समोर असलो तर माझ्याकडे पाहायची नाही. मला शिक्षा करायला नव्हे, मला वाटतं मला वाचवायला. पण ते मी सोयीनं समजून घेतलेलंही असू शकतं.

दादानं आता स्लॅबचं घर बांधलं आहे. भिंतींना पुट्टी आहे, वर रंग, हात लावला तर हाताला काही लागत नाही. या दिवाळीला मी गेलो होतो. वहिनी आत पुरणाचं पाहत होती. दादानं तिला दोनदा बोलावलं, मिक्सर चालू होता. दादाची नात, सात-आठ वर्षांची पोर, मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "आजीले हाका मारून काई फायदा नाई, आबा. आजी ऐकत नसते." सगळे हसले. संगीताही हसली. माझ्या तोंडाकडे पाहून माझी बायकोही हसली, कारण मीही हसत होतो.

परत येताना बसमध्ये मी ठरवलं की हे लिहायचं. लिहून झालं आहे. लिहिणं सोपं आहे, इथे कोणी समोर बसलेलं नाही.

वहिनीला मी खरं सांगायचं असं काही उरलेलं नाही. ती ट्रॉलीत निजली होती तेव्हापासून तिला ते माहीत आहे. माझ्याकडे तिचं राहिलं आहे ते वेगळं. दादा, संगीता, ती नात, सगळे एका पंगतीला बसलेले असताना, वहिनी वाढत असताना, मला मोठ्यानं सांगायचं आहे की ती ऐकत होती, तीच आवाज देत होती, आणि खदानीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.